राजीनाम्यावर सही करण्याआधी हिशेब मांडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नोकरकपातीच्या बातम्या अलीकडे वरचेवर येतात. किती कामगार कमी केले हा आकडा मथळ्यात असतो. त्यांच्या हाती किती रक्कम पडली, ती कोणत्या नावाने पडली आणि घरात किती महिने पुरली, हे मात्र कुठे वाचायला मिळत नाही. ज्याला कपातीची चाहूल लागली आहे त्याला हीच माहिती आज हवी आहे. त्याचे सर्वांत मोठे आर्थिक नुकसान बहुतेक वेळा शेवटच्या दिवशी, एचआरच्या केबिनमध्ये, एका सहीने होते. पत्र थोडे लांबले आहे, पण यातले काही गाळले तर वाचणाऱ्याच्या उपयोगाचे राहणार नाही.

प्रकार साधारण असा घडतो. कामगाराला एकट्याला आत बोलावतात. समोर दोन कागद असतात: टाइप केलेला राजीनामा आणि रकमेचा चेक. ‘आजच सही केली तर वर काही रक्कम मिळेल, नाहीतर टर्मिनेशन लागेल, रेकॉर्ड खराब होईल, पुढे कुठे नोकरी मिळणार नाही’, असे सांगितले जाते. घाबरलेला माणूस सही करतो. त्या क्षणी कायद्याच्या नजरेत त्याला कुणी काढलेले नसते, तो स्वतःहून गेलेला असतो. नोटीस, नुकसानभरपाई, आयकरातली सूट, ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) बेकारी भत्ता, कर्जाच्या विम्यातला नोकरी जाण्याचा लाभ हे सगळे ‘कामावरून कमी केले’ या शब्दांवर उभे आहे. ‘राजीनामा दिला’ असे लिहिले की ते एकेक करून गळत जाते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. औद्योगिक संबंध संहितेनुसार, एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला कमी करायचे असेल तर एक महिन्याची लेखी, कारणासह नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. त्याशिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. शेवटचे तुटक वर्ष सहा महिन्यांहून जास्त असेल तर ते पूर्ण वर्ष धरतात. सलग सेवा म्हणजे मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम, आणि त्यात पगारी साप्ताहिक सुट्या व सणांच्या सुट्या मोजल्या जातात. गेटवरच्या हजेरीतून फक्त प्रत्यक्ष कामाचे दिवस काढून ‘तुझे २४० भरत नाहीत’ असे कुणी म्हणत असेल, तर ती मोजणी तपासून पाहावी.

भरपाई कमी करतानाच द्यायची असते. ‘आज जा, पैसे दोन महिन्यांनी’ असे केले तर ती कपातच कायद्यात टिकत नाही. ३०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात, खाणीत आणि मळ्यात तीन महिन्यांची नोटीस आणि सरकारची पूर्वपरवानगी लागते. पूर्वीच्या केंद्रीय कायद्यात ही मर्यादा १०० होती. ती वाढल्यामुळे मधल्या आकाराच्या अनेक कारखान्यांतल्या कामगारांचे परवानगीचे कवच गेले आहे. म्हणूनच त्यांनी नोटीस आणि भरपाई या दोन गोष्टींवर अधिक काटेकोर राहायला हवे. याखेरीज, एका प्रकारच्या कामात शेवटी आलेला आधी जातो. वर्षभरात मालकाने पुन्हा भरती काढली तर कमी केलेल्यांना आधी विचारावे लागते. राजीनामा देणाऱ्याला यातले काहीच लागू नाही.

आता आकडे मांडू. समजा एकाचा हिशेबासाठी धरायचा मासिक पगार, म्हणजे मूळ पगार अधिक महागाई भत्ता, २६,००० रुपये आहे आणि सेवा १४ वर्षे ७ महिने, म्हणजे १५ वर्षे. ग्रॅच्युइटी, म्हणजे दीर्घ सेवेबद्दल नोकरी सुटताना मिळणारी एकरकमी रक्कम, काढताना महिन्याचे २६ दिवस धरतात: २६,००० भागिले २६, गुणिले १५ दिवस, गुणिले १५ वर्षे, म्हणजे २,२५,००० रुपये. कपातीच्या भरपाईला २६ चा भागाकार लागत नाही, तिथे महिन्याचा अर्धा पगार धरतात: १३,००० गुणिले १५, म्हणजे १,९५,०००. नोटिशीचा एक महिना २६,०००. शिल्लक रजा ४० दिवस असेल तर सुमारे ४०,०००. आणि नव्या संहितेने आणलेला कौशल्य निधी: कमी केलेल्या प्रत्येक कामगारासाठी मालकाने १५ दिवसांचा पगार या निधीत भरायचा आणि ती रक्कम कपातीनंतर ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची, म्हणजे आणखी १३,०००. एकूण ४,९९,००० रुपये. फंड, म्हणजे भविष्यनिर्वाह निधी (पीएफ), यात धरलेला नाही, तो वेगळा.

याच माणसाने राजीनामा दिला तर? ग्रॅच्युइटी २,२५,००० आणि रजेचे ४०,०००, एवढेच हक्काचे उरतात. २,३४,००० रुपये गेले. राजीनाम्याच्या बदल्यात ‘खुशीने दोन लाख जास्त देतो’ म्हणणारा मालक प्रत्यक्षात ३४,००० रुपये वाचवत असतो. वर त्या दोन लाखांवर कर लागतो. देऊ केलेली वाढीव रक्कम कायद्याच्या रकमेहून खरोखरच मोठी असेल, तर ती घेण्यात काही गैर नाही. पण ती ‘कपातीची भरपाई’ म्हणून किंवा रीतसर स्वेच्छानिवृत्ती योजनेखाली लिहून घ्यावी. कोऱ्या राजीनाम्यावर कदापि नाही.

पगाराचा पाया कोणता धरला आहे हेही पाहा. पुष्कळ कंपन्यांनी मूळ पगार मुद्दाम लहान ठेवून बाकी रक्कम भत्त्यांत पसरलेली असते. नव्या संहितांप्रमाणे वगळलेले भत्ते एकूण मेहनतान्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर निम्म्यावरचा भाग पगारात मिळवावा लागतो. एकूण ४०,००० मध्ये मूळ आणि महागाई मिळून १४,००० आणि अशा भत्त्यांचे २६,००० असतील, तर २०,००० च्या वरचे ६,००० पगारात येतात आणि हिशेब १४,००० ऐवजी २०,००० वर होतो. जुन्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या लेखा विभागाकडून हे राहून जाऊ शकते. विचारल्याशिवाय दुरुस्त होईल अशी आशा धरू नये.

ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची सेवा लागते. ठरावीक मुदतीच्या करारावरच्या कामगाराला मात्र आता एका वर्षानंतरही ती मिळते. रक्कम ३० दिवसांत द्यायची असते, उशीर झाल्यास व्याजासह. मालकाने मागेपुढे केले तर अर्ज ग्रॅच्युइटीच्या सक्षम अधिकाऱ्याकडे जातो. तो कोण, हे सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात कळते. एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते: ग्रॅच्युइटीवर कोर्टाची जप्तीसुद्धा येत नाही. मग ‘तुझ्याकडे कॅन्टीनची बाकी आहे, हत्यारे जमा नाहीत, म्हणून ग्रॅच्युइटी अडवली’ हे कसे चालेल? पगाराचे बोला, तर संहितेनुसार कमी केल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत तो चुकता व्हायला हवा. ‘फुल अँड फायनल (अंतिम हिशेब) ४५ दिवसांनी’ ही कंपनीची सवय आहे, कायदा तसे म्हणत नाही. बोनसही लोक विसरतात. वर्षात किमान ३० दिवस काम झाले असेल आणि पगार मर्यादेत बसत असेल, तर त्या वर्षाचा प्रमाणशीर बोनस नोकरी सुटल्यावरही मिळतो. तो हिशेबवर्ष संपल्यानंतर जाहीर होत असल्याने ‘पुढे काहीही देणे नाही’ अशा कागदावर आधीच सही झालेली असते.

त्या कागदाबद्दल. रक्कम घ्यावी, चेक परत करू नये, पण सहीशेजारी स्वतःच्या हाताने लिहावे: ‘रक्कम हक्क राखून, हरकतीसह स्वीकारली.’ तारीख घालावी. मालकाने तसे लिहू दिले नाही तर त्याच दिवशी कंपनीला ईमेल करावा आणि स्पीड पोस्टने पोचपावतीसह पत्र पाठवावे. राजीनामा दबावाखाली घेतला असेल, तर हे पत्र पहिल्या एक-दोन दिवसांतच जायला हवे. सहा महिन्यांनी केलेल्या तक्रारीवर ‘मग इतके दिवस गप्प का होतात’ हा प्रश्न येतोच. वाद सलोखा अधिकाऱ्याकडे नेण्याची मुदत नव्या संहितेत दोन वर्षे आहे. आणि वकिलाच्या फीच्या भीतीने घरी बसू नये: विधी सेवा प्राधिकरण कायद्याने औद्योगिक कामगाराला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच.

आयटी आणि सेवा क्षेत्रातली मंडळी म्हणतील, आम्ही कुठे कामगार? संहितेत व्यवस्थापकीय आणि प्रशासकीय काम करणारे, तसेच १८,००० रुपयांहून जास्त पगाराचे पर्यवेक्षक वगळले आहेत. पण पदाच्या नावावर हे ठरत नाही, प्रत्यक्ष काम काय ते पाहिले जाते. ‘मॅनेजर’ अशी पाटी असून हाताखाली एकही माणूस नसलेले पुष्कळ आहेत. जे खरोखर कक्षेबाहेर आहेत त्यांच्यासाठी नेमणूक-पत्रातली नोटिशीची मुदत, हेच मुख्य हत्यार. त्यांनीही राजीनाम्याची घाई करू नये.

आयकर. कपातीची भरपाई कायद्याने ठरणाऱ्या रकमेपर्यंत, कमाल ५ लाख रुपये, करमुक्त आहे. नियमात बसणाऱ्या स्वेच्छानिवृत्ती योजनेची रक्कमही ५ लाखांपर्यंत करमुक्त, पण ही सूट आयुष्यात एकदाच, आणि त्यासाठी दहा वर्षांची सेवा किंवा चाळीस वर्षांचे वय लागते. ग्रॅच्युइटीला २० लाखांपर्यंत आणि खासगी नोकरीतल्या रजेच्या पैशांना २५ लाखांपर्यंत सूट आहे. दोन्ही मर्यादा साऱ्या नोकऱ्या मिळून, आणि सूट सूत्राने निघते. नोटिशीचा पगार करपात्र. राजीनाम्यासोबत ‘एक्स-ग्रेशिया’, म्हणजे मालकाने खुशीने, म्हणून दिलेली रक्कमही पगारासारखी पूर्ण करपात्र. म्हणजे हिशेबाच्या कागदावर प्रत्येक रक्कम स्वतंत्र ओळीत, योग्य नावाने हवी. ‘एकरकमी सेटलमेंट ४,९९,०००’ अशी एकच ओळ असेल तर कंपनी सरसकट टीडीएस कापते आणि परताव्यासाठी विवरणपत्र भरेपर्यंत थांबावे लागते. त्या काळात घरखर्च थांबत नाही.

फंडाचे काम नोकरी असतानाच उरकायला हवे, कारण दुरुस्तीला मालकाची मंजुरी लागली तर नंतर फोन उचलायला कुणी नसते. युएएन (फंडाचा कायमचा खातेक्रमांक) चालू आहे का, आधारवरचे आणि फंडातले नाव, जन्मतारीख अक्षरशः जुळते का, बँक खाते व पॅन पडताळलेले आहे का, मागच्या नोकऱ्यांची रक्कम याच युएएनवर आली आहे का, पासबुकात प्रत्येक महिन्याचा भरणा दिसतो का, हे पाहावे. दावे फेटाळले जातात ते या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवर: नावात एक अक्षर कमी, दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकींवर चढलेल्या, नोकरी सोडल्याची तारीख नोंदवलेली नाही. ही तारीख मालकाने भरली नाही तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी कामगाराला पोर्टलवर स्वतः भरता येते. अडले तर फंड कार्यालयाच्या ‘निधी आपके निकट’ शिबिरात जावे, ते दर महिन्याच्या २७ तारखेला असते.

मात्र फंड काढता येतो म्हणून काढू नये. ऑक्टोबर २०२५ मध्ये फंडाच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ठरवले की नोकरी सुटल्यावर ७५ टक्के लगेच काढता येतील आणि उरलेले २५ टक्के वर्षभर बेकार राहिल्यास. पेन्शनची रक्कम काढायला ३६ महिने थांबण्याची अट. पूर्वी दोन महिन्यांत सारे मोकळे होत असे. अर्जाच्या दिवशी पोर्टल काय दाखवते ते पाहून पुढे जावे. माझे मत विचाराल तर फंड ही शेवटची पेटी आहे: आधी भरपाई, मग रजेचे पैसे, मग ग्रॅच्युइटी, आणि ते सारे आटल्यावर फंड. खात्यावर व्याज चालू राहते, फक्त नोकरी सुटल्यानंतरचे व्याज करपात्र होते.

पाच वर्षांच्या आत फंड काढला आणि रक्कम ५०,००० किंवा जास्त असेल तर १० टक्के टीडीएस कापतात. इथेही तीच सही आडवी येते. मालकाचा धंदा आकसल्यामुळे किंवा बंद पडल्यामुळे, कामगाराच्या हाताबाहेरच्या कारणाने नोकरी गेली असेल, तर पाच वर्षांच्या आतली रक्कमही करमुक्त आहे. पुरावा म्हणून कपातीचे पत्र लागते. राजीनामा दिलेल्याला ते कुठून मिळणार?

पेन्शनच्या भागाबद्दल थोडे थांबून. दहा वर्षांची सेवा पूर्ण झाली की ५८ व्या वर्षी पेन्शनचा हक्क पक्का होतो, ५० नंतर कमी दराने आधीही घेता येते. साडेनऊ वर्षे झाली असतील तरी ती दहा धरली जातात. त्याहून कमी सेवा असेल तर रक्कम काढून घेता येते किंवा झालेली सेवा पुढच्या नोकरीत जोडून देणारे योजना प्रमाणपत्र घेता येते. सात-आठ वर्षे झालेल्या आणि पुन्हा नोकरी शोधणाऱ्या माणसाने प्रमाणपत्रच घ्यावे. पुढच्या नोकरीची दोन-तीन वर्षे त्यात मिळाली की आयुष्यभराची पेन्शन होते. काढून घेतली की ती वर्षे पुसली जातात. आणखी एक: फंडाशी जोडलेला, ७ लाखांपर्यंतचा मृत्यू विमा नोकरीसोबत संपतो. घरात दुसरा विमा नसेल तर हा खड्डा आधी बुजवावा.

ज्यांचा पगार २१,००० पर्यंत होता आणि ईएसआय कापला जात होता, त्यांच्यासाठी दोन योजना आहेत. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत कपात किंवा कारखाना बंद पडल्यामुळे नोकरी गेलेल्याला दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळतो, पहिले वर्ष सरासरी दैनिक पगाराच्या ५० टक्के आणि दुसरे वर्ष २५ टक्के, शिवाय त्या काळात कुटुंबाला दवाखाना. वर्गणीची किमान वर्षे भरलेली असावी लागतात. राजीनामा, स्वेच्छानिवृत्ती किंवा शिस्तभंगाची बडतर्फी असेल तर ही योजना लागू नाही. दुसरी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना: ९० दिवसांपर्यंत ५० टक्के, आयुष्यात एकदाच. ती मुदतवाढीवर चालते, म्हणून चालू आहे का हे शाखा कार्यालयात विचारून अर्ज करावा. दोन्हींपैकी कोणती बसते ते शाखेत कपातीचे पत्र दाखवून ठरवावे, आणि उशीर करू नये, कारण दाव्यांना मुदती आहेत. नोकरी सुटली तरी ईएसआयचे औषधोपचार त्याच दिवशी थांबत नाहीत: एप्रिल ते सप्टेंबर भरलेल्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जून, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबर असा लाभाचा काळ असतो. लांबलेली शस्त्रक्रिया किंवा तपासणी त्यातच करून घ्यावी.

ज्यांना कंपनीची गट मेडिक्लेम होती त्यांचे कवच बहुधा शेवटच्या कामाच्या दिवशी संपते. ती त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेता येते आणि आधीच्या आजारांसाठीच्या प्रतीक्षा काळातून गट पॉलिसीत झालेली वर्षे वजा होतात, पण अर्ज पॉलिसी चालू असतानाच द्यायला हवा. मधुमेह, रक्तदाब असलेल्यांनी हे नोटीस हातात पडल्याच्या आठवड्यातच करावे. नव्याने पॉलिसी घ्यायला गेल्यास आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते.

आता हाती आलेल्या पैशांचे काय करायचे. घराचा अत्यावश्यक मासिक खर्च काढा: किराणा, भाडे किंवा हप्ता, वीज, शाळा, औषधे, विम्याचे हप्ते. त्यातून घरातल्या दुसऱ्या कमावत्याचा पगार वजा करा. उरते ती दरमहाची तूट. खर्च २८,००० आणि दुसरी कमाई ९,००० असेल तर तूट १९,०००. वरच्या उदाहरणातल्या ४,९९,००० मधून क्रेडिट कार्डाची ६०,००० ची थकबाकी फेडली तर ४,३९,००० उरतात, म्हणजे तेवीस महिने. राजीनामा दिलेल्याकडे २,०५,००० उरतात, म्हणजे पुरते अकरा महिनेही नाहीत. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला पहिल्या मिळेल त्या नोकरीवर अर्ध्या पगारात जायचे की सहा महिने नीट शोधायचे, हे या फरकावर ठरते.

कार्डाची थकबाकी आधी फेडायची, कारण तिचा दर महिना ३ ते ४ टक्के असतो. ‘किमान रक्कम’ भरत राहिले की मुद्दल जागचे हलत नाही. मोबाइल ॲपवरची कर्जे त्याच रांगेत. घरकर्जाचे मात्र उलट आहे. हातात एकरकमी पैसे आले की घर मोकळे करून टाकावे असे घरातली वडीलधारी मंडळी आग्रहाने सांगतात. भावना बरोबर, वेळ चुकीची. हप्त्यात भरलेली रक्कम परत मागता येत नाही आणि पगार नसलेल्या माणसाला बँक नवे कर्ज देत नाही. चार महिन्यांनी आजारपण आले तर त्याच माणसाला दागिने गहाण टाकावे लागतात. नोकरी लागल्यावर फेडता येईल, तरत्या दराच्या वैयक्तिक घरकर्जावर मुदतपूर्व फेडीचा आकार नसतोच. त्याऐवजी पहिला हप्ता चुकण्याआधी बँकेत जावे, कपातीचे पत्र दाखवावे, मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचा किंवा काही महिने फक्त व्याज भरण्याचा लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. हप्ते बाउन्स झाल्यानंतर तोच अर्ज कमजोर पडतो, आणि थकबाकी ९० दिवसांपुढे गेली की खाते अनुत्पादक, म्हणजे बुडीताच्या वाटेवरचे (एनपीए), ठरते. कर्जासोबत घेतलेल्या विम्याची पॉलिसी उघडून पाहा, काहींत नोकरी गेल्यास ठरावीक हप्ते विमा कंपनी भरते. तिथेही राजीनामा चालत नाही.

कंपनीतल्या कामगार पतपेढीचे कर्ज हा वेगळाच गुंता असतो. हप्ता पगारातून कापला जातो, पगार थांबला की थकबाकी सुरू, आणि जामीनदार असतात शेजारच्या मशिनवरचे सोबती, जे त्याच यादीत घरी गेलेले असतात. पतपेढी सहकार कायद्याखाली वसुली दाखला आणू शकते, तो जामीनदारावरही चालतो. म्हणून अंतिम हिशेबात पतपेढीची किती बाकी वळती झाली, शेअर्स आणि ठेव परत धरली का, आणि तुम्ही ज्यांना जामीन आहात त्यांची खाती कुठे आहेत, हे तिन्ही लेखी घ्यावे.

उरलेली रक्कम एका मोठ्या ठेवीत घालू नये. तीन महिन्यांची तूट बचत खात्यात, बाकीची ५०-५० हजारांच्या, वेगवेगळ्या मुदतींच्या ठेवींत. गरज पडली तर एकच ठेव मोडावी लागते, व्याजाचे नुकसान तेवढ्यापुरते. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकांसह, प्रत्येक बँकेत एका ठेवीदारामागे व्याज धरून ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थांतल्या ठेवींना तो नाही. दीड-दोन टक्के जास्त व्याजासाठी आयुष्यभराची ग्रॅच्युइटी पतसंस्थेत ठेवणे मला अजिबात मान्य नाही. पंचावन्न ओलांडून नोकरी संपलेल्यांना ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठीआधीही उघडता येते, मात्र निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत, आणि त्या पैशांपुरतीच.

पैसे आल्याची बातमी गेटबाहेर लगेच पोहोचते. पहिल्या महिन्यात विमा एजंट, ‘महिना पाच टक्के’वाले, ओळखीचा गाडीविक्रेता आणि उसने मागणारे नातेवाईक, सगळे येतात. सहा महिने कोणताही धंदा, वाहन, जागा किंवा दहा वर्षांची पॉलिसी घ्यायची नाही, असे नवरा-बायकोने मिळून ठरवावे आणि येणाऱ्याला तसेच सांगावे. नोकरी लावून देतो म्हणून आधी फी मागणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवावे.

कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली असेल तर वाट बघत बसणे सर्वांत महागात पडते. ती प्रक्रिया चालवायला नेमलेला व्यावसायिक जाहीर सूचना काढतो, त्यात दाव्याची शेवटची तारीख असते. कामगाराने आपला दावा ठरलेल्या नमुन्यात, पगारस्लिपा आणि नेमणूक-पत्रासह द्यावा लागतो, युनियन सर्वांच्या वतीनेही देऊ शकते. कंपनी अवसायनात गेली, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवायची वेळ आली, तर फंड, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी निधीतली रक्कम त्या मालमत्तेत धरली जात नाही. आणि आधीच्या २४ महिन्यांची कामगारांची देणी तारणधारक बँकांच्या बरोबरीने येतात. पण दावाच नसेल तर बरोबरी कसली.

यासाठी लागणारी कागदे शेवटच्या दिवसाआधी घरी यायला हवीत, कारण कंपनीचा ईमेल आणि पगाराचे पोर्टल त्याच संध्याकाळी बंद होते. नेमणूक-पत्र, बढती-पत्रे, किमान बारा महिन्यांच्या पगारस्लिपा, रजेची शिल्लक दाखवणारे पान, फॉर्म १६, युएएन आणि ईएसआय क्रमांक, गट विम्याची प्रत. कंत्राटी कामगारांनी गेटपास आणि हजेरीचे फोटोही ठेवावेत. कंत्राटदार पळाला तर पगाराची जबाबदारी मूळ मालकावर येते, पण तिथे काम केल्याचा पुरावा यांचाच लागतो.

संपादक महोदय, एक विनंती आहे. कपातीची बातमी छापताना तिच्याखाली एक छोटी चौकट द्यावी: त्या भागाच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयाचा, फंड कार्यालयाचा, ईएसआय शाखेचा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता, आणि ‘राजीनाम्यावर सही करण्याआधी इथे विचारा’ एवढी एक ओळ. जागा दोन इंच लागेल.

आपला,
कामगारांच्या देण्यांचे हिशेब तपासणारा एक सल्लागार